आरोग्याचा जमाखर्च
द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने अर्थशास्त्राचे पुस्तक पाहिलेही नसेल. पण खर्च किती झाला आणि त्याच्या बदल्यात पदरात काय पडले, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न त्याला नेमका उमगला होता. बैल विकत घेताना, विहीर खणताना, दुकान थाटताना आपण सारेच हा हिशेब करतो. मात्र घरात कोणी अंथरुणाला खिळले की हाच हिशेब एकाएकी पाप वाटू लागतो. ‘शेत गहाण पडले तरी चालेल, पण माणूस वाचला पाहिजे,’ असे आपण म्हणतो. आणि एका घरापुरते पाहिले तर हे म्हणणे योग्यच आहे.

परंतु सरकारला असे म्हणता येईल काय? सरकारच्या दारात एकच आजारी माणूस उभा नसतो, लाखो असतात. कोणाला हृदयाची शस्त्रक्रिया हवी असते, कोणाला सर्पदंशावरची लस, कोणाला बाळंतपणात दोन अनुभवी हात. तिजोरी मात्र एकच असते. अशा वेळी ‘कितीही खर्च होवो’ हे वाक्य एका रुग्णासाठी उच्चारले, की दुसऱ्या कोणा रुग्णाला न सांगता ‘नाही’ म्हटले जाते. तो दुसरा रुग्ण आपल्याला दिसत नाही, एवढेच. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले रुपये नव्हेत. त्याच रुपयांत जे दुसरे काही होऊ शकले असते आणि झाले नाही, ती तिची खरी किंमत होय. वर्गात ही व्याख्या आपण सर्वजण लिहून घेतो. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात तिचा अर्थ किती गंभीर होतो, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

मोफत सेवेलाही मर्यादा असते

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. महायुद्धाने देश कर्जबाजारी झाला होता, तरीही आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजापासून खाणमजुरापर्यंत सर्वांना विनामूल्य उपचार देण्याची योजना अमलात आणली. बेव्हन स्वतः खाणकामगाराचे पुत्र होते आणि लहानपणी खाणीत उतरलेले होते. सेवा सुरू होताच चष्मे आणि दातांच्या कवळ्या यांना इतकी मागणी आली की सरकारचे सारे अंदाज चुकले. वर्षानुवर्षे लोक धूसर नजरेने आणि बोळक्या तोंडाने दिवस काढत होते, हे त्या मागणीवरून प्रथमच कळले. १९५१ साली सरकारने चष्मे व कवळ्या यांवर काही शुल्क लावायचे ठरवले, तेव्हा बेव्हन यांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बेव्हन यांचे तत्त्व थोर होते यात शंका नाही. तथापि पैशाला मर्यादा आहे, ही अर्थमंत्र्यांची अडचणही खोटी नव्हती. त्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक देशातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्था या दोहोंच्या कात्रीत सापडलेली आहे.

लाभ मोजायचा कसा?

खर्च रुपयांत मोजता येतो. लाभ कशात मोजायचा? येथे अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळे मार्ग काढले.

पहिला मार्ग म्हणजे लाभही पैशातच मोजणे. माणूस वाचला तर पुढे किती कमावील, तेवढा त्याच्या जीविताचा लाभ धरायचा. हा मार्ग सोपा आहे, पण किती अन्यायकारक आहे हे लगेच ध्यानात येईल. त्यात कारखानदाराचे आयुष्य शेतमजुराच्या आयुष्याहून शंभरपट मोलाचे ठरते. पहाटे चूल पेटवून रात्री भांडी घासणारी गृहिणी तर जवळजवळ शून्यच ठरते, कारण तिच्या कामाचा पगार कोणी देत नाही. थकलेल्या वृद्धाचे तर बोलायलाच नको.

दुसरा मार्ग असा की लाभाला पैशाचे रूप द्यायचेच नाही. एका ठरावीक रकमेत कोणत्या उपायाने किती मृत्यू टळतात किंवा किती रोगी बरे होतात, एवढीच तुलना करायची. याला खर्च-परिणामकारकता म्हणतात. क्षयाचे दोन औषधोपचार असतील तर हा मार्ग उत्तम. पण एका बाजूला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या बाजूला कर्करोगाचे औषध असेल तर? एक दृष्टी देते, दुसरे काही महिने देते. यांची तुलना करायला एखादे समान माप हवे.

त्या मापाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्वाली’ म्हणतात. मराठीत त्याला ‘गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष’ म्हणता येईल. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे एक. मृत्यू म्हणजे शून्य. वेदनेत किंवा परावलंबनात काढलेले वर्ष या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. समजा, एक रुग्ण उपचाराविना चार वर्षे जगेल आणि ती वर्षे अर्ध्या गुणवत्तेची असतील. म्हणजे ४ गुणिले ०.५, एकूण २. उपचार मिळाल्यास तो सहा वर्षे जगेल आणि ती पाऊण गुणवत्तेची असतील. म्हणजे ६ गुणिले ०.७५, एकूण ४.५. उपचाराचा लाभ अडीच. या उपचाराला ५०,००० पौंड लागत असतील तर एका निरोगी वर्षाला २०,००० पौंड पडले.

ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेली ‘नाइस’ नावाची संस्था नव्या औषधांचा असाच हिशेब मांडते. एका आयुर्वर्षास २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंत खर्च येत असेल तर ते औषध राष्ट्रीय सेवेने सामान्यतः घ्यावे, अशी तिची मर्यादा दीर्घकाळ होती. ही मर्यादा २५,००० ते ३५,००० पौंडांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२५ च्या अखेरीस जाहीर झाला. वृत्तपत्रांत अशा वेळी बातमी येते की अमुक औषध नाकारले गेले आणि रुग्णांवर अन्याय झाला. त्या रुग्णांचे दुःख खरेच असते. पण यॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली उलट बाजूने विचार केला. राष्ट्रीय सेवेत आजवर चालत आलेल्या साध्या उपचारांवर जो पैसा खर्च होतो, त्यातून एक आयुर्वर्ष मिळवायला किती लागतात? त्यांचे उत्तर होते सुमारे १३,००० पौंड. याचा अर्थ असा की नव्या औषधासाठी ३०,००० पौंड देऊन एक वर्ष मिळवले, तर तेच पैसे इतरत्र न खर्चल्यामुळे दोनांहून अधिक वर्षे गमावली जातात. ज्याला औषध मिळाले त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येते. ज्यांची वर्षे गेली त्यांचे छायाचित्र कोण काढणार?

या मापावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते रास्त आहेत. वृद्धाजवळ वर्षे थोडी उरलेली असतात, म्हणून त्याचा उपचार या हिशेबात मागे पडतो. अपंग माणसाच्या आयुष्याला एकाहून कमी गुण देणारे आपण कोण, हाही प्रश्न आहे. अनेक अपंग व्यक्ती आपले जीवन इतरांना वाटते त्याहून कितीतरी समाधानाचे असल्याचे सांगतात. तरीही या मापाचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. त्यात मंत्र्याचे एक निरोगी वर्ष आणि ऊसतोडणी कामगाराचे एक निरोगी वर्ष सारखेच धरले जाते. जमीन किती, जात कोणती, पगार किती, हे ते माप विचारत नाही. आपल्या व्यवहारातील फार थोड्या मोजमापांविषयी असे म्हणता येईल.

गडचिरोलीचा हिशेब

हा सारा विचार केवळ श्रीमंत देशांसाठी आहे असे कोणास वाटेल. वस्तुतः त्याची अधिक गरज गरीब देशांना आहे, कारण आपल्याकडे चुकीच्या ठिकाणी खर्च झालेला रुपया भरून काढायला दुसरा रुपया नसतो.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. जो मृत्युदर शेकडा तीसच्या घरात होता तो शेकडा चारच्या खाली आला. हे पाणी रुग्णाची आईसुद्धा चमच्याने पाजू शकत होती. स्वस्त म्हणजे हलक्या दर्जाचे, हा आपला समज किती चुकीचा आहे, हे येथे दिसते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात नवजात बालकांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतला. तोवर मान्यता अशी होती की जन्मतः अशक्त किंवा जंतुसंसर्ग झालेले मूल रुग्णालयातच वाचू शकते. पण रुग्णालय दूर, रस्ता नाही, आणि पहिल्या महिन्यात बाळंतिणीला व बाळाला घराबाहेर काढायचे नाही ही रूढी. म्हणून संस्थेने गावातल्याच, थोडे लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांना शिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ बनवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास अडल्यास उपाय करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजारी सुमारे ६० नवजात मुले दगावत होती, तर प्रयोगाच्या गावांत हे प्रमाण २५ च्या आसपास आले. खर्च आला एका बाळामागे ५.३ डॉलर. दर अठरा बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. म्हणजे गुणाकार केला तर एक जीव वाचवण्याचा खर्च ९५ डॉलरांच्या जवळपास. त्या काळच्या दराने साधारण साडेतीन हजार रुपये. ‘मुलांना वाचवा’ असे आवाहन पूर्वीही पुष्कळांनी केले होते. पण हा हिशेब मांडला गेल्यामुळे ‘परवडत नाही’ हे उत्तर देण्याची सोय कोणालाही राहिली नाही. २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरी भेटी देण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. हिशेब म्हणजे गरिबाला नकार देण्याचे साधन, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे. हिशेब गरिबाच्या बाजूनेही साक्ष देऊ शकतो.

आकडा ‘नाही’ म्हणतो तेव्हा

मग आकड्यांनी जे सांगितले ते डोळे मिटून मान्य करावे काय? थायलंडचा अनुभव याचे उत्तर देतो.

थायलंडने २००२ साली सर्व नागरिकांना सार्वत्रिक आरोग्यसेवा लागू केली. दर भेटीस तीस बाट एवढेच शुल्क असल्याने लोक तिला ‘तीस बाटची योजना’ म्हणू लागले. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिस मात्र खर्चिक म्हणून वगळले होते. सरकारी नोकर आणि संघटित क्षेत्रातील कामगार यांना आपापल्या योजनांतून ते मिळत होते. शेतकऱ्याला मिळत नव्हते. अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा डायलिसिसला दर आयुर्वर्षामागे येणारा खर्च नेहमीच्या मर्यादेत बसेना. आकडा ‘नाही’ म्हणत होता.

तरीही सरकारने २००८ पासून डायलिसिस योजनेत घेतले. का? एक तर ज्या घरात हा रोग शिरे ते घर कर्जात बुडून जाई. आणि दुसरे म्हणजे नोकरदाराला जो उपचार मिळतो तो शेतकऱ्याला न मिळणे लोकांना अन्यायाचे वाटत होते. पण घेताना त्यांनी हिशेब फेकून दिला नाही. रुग्णालयातील यंत्रावर आठवड्यातून दोन-तीनदा रक्त शुद्ध करण्याऐवजी रुग्णाने घरीच पोटाच्या पोकळीत द्राव सोडून करायचे डायलिसिस त्यांनी प्रथम पसंतीचे ठरवले. खेड्यातल्या रुग्णाला शहराच्या फेऱ्या वाचल्या. २०२२ मध्ये हे बंधन काढून निवड मोकळी केली, तेव्हा यंत्राकडे जाणाऱ्यांची संख्या व खर्च दोन्ही वाढले आणि २०२५ मध्ये पुन्हा घरच्या पद्धतीला अग्रक्रम देण्यात आला. या धरसोडीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. काय करायचे हे न्यायबुद्धीने ठरवले आणि कसे करायचे हे हिशेबाने. आकडा सल्लागार असावा, न्यायाधीश नसावा.

कोणाच्या वहीतला खर्च?

आता या विषयातील जो भाग पुस्तकात थोडक्यात असतो, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळते. खर्च म्हणजे कोणाचा खर्च?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई शेतमजुरी करते आणि तिला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. गावच्या उपकेंद्रात ही गोळी कधी असते, बहुधा नसते. म्हणून ती महिन्यातून एकदा तालुक्याला जाते. खर्च-लाभाचा धडा शिकल्यावर मी तिच्या एका फेरीचा हिशेब वहीत मांडला. बुडालेली मजुरी ३०० रुपये. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून जाण्या-येण्याचे ६० रुपये. चहा आणि वडापाव मिळून ३० रुपये. एकूण ३९० रुपये. वर्षाच्या बारा फेऱ्यांचे ४,६८० रुपये. आणि महिन्याच्या गोळ्यांची किंमत? बाहेरच्या दुकानात पन्नास रुपयांच्या आत. मग विकतच का घेत नाही, असे कोणी विचारील. पण रक्तदाब मोजून गोळी कमी-जास्त करणारा डॉक्टर तालुक्यालाच असतो.

सरकारच्या वहीत या उपचाराचा रुग्णावरील भार शून्य आहे. आईच्या वहीत तो वर्षाला पंधरा-सोळा दिवसांच्या मजुरीएवढा आहे. औषध गावोगावी पोचवायचे तर सरकारला गाडी, साठवण आणि माणूस यांचा खर्च येईल, म्हणून ते तालुक्यालाच ठेवणे सरकारला स्वस्त वाटते. वस्तुतः त्याने खर्च वाचत नाही. तो फक्त सरकारच्या वहीतून मजुराच्या वहीत जातो. आणि मजुराने वही ठेवलेलीच नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत आई फेरी चुकवते. गोळी न घेतल्याने त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही. पण अशाच चुकलेल्या फेऱ्यांतून पुढे कोणाला पक्षाघात होतो. तेव्हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार रुग्णालयात मिळतात. ती योजना अनेकांचा आधार आहे, हे मान्य. पण पाण्याचा थेंब वाचवण्यासाठी घागर फोडावी तसा हा प्रकार होतो. पन्नास रुपयांची गोळी घरापर्यंत गेली नाही, म्हणून हजारो रुपयांची खाट भरली.

म्हणूनच चांगले अभ्यासक हिशेब मांडण्यापूर्वी ‘हा हिशेब कोणाच्या दृष्टीने?’ असे विचारतात. केवळ सरकारच्या दृष्टीने मांडला तर एक उत्तर येते. समाजाच्या दृष्टीने, म्हणजे रुग्णाचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या नातेवाइकाचा दिवस धरून मांडला तर दुसरेच येते.

आपल्यापुढील प्रश्न

१९४६ साली भोर समितीने सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांना मुकता कामा नये. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी शेकडा ६४ लोक स्वतःच्या खिशातून करत होते; २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण शेकडा ३९ वर आले. सुधारणा मोठी आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते आणि २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तिजोरीत जे आहे ते नीट वाटावे, हे हिशेब सांगतो. तिजोरीत एवढेच का आहे, हे तो विचारत नाही. तो प्रश्न नागरिकांनी विचारायचा असतो. भाकरी कशी वाटावी यावर घरात कितीही चर्चा केली, तरी पीठ कमी का पडते हे कोणीतरी विचारलेच पाहिजे.

२०१७ साली आपल्या देशातही औषधे व उपचारपद्धती यांचे असे मूल्यमापन करणारी यंत्रणा केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने उभी केली. हे काम केवळ डॉक्टरांचे नव्हे. त्यात अर्थशास्त्राचा विद्यार्थी हवा, कारण संधी-खर्च त्याला कळतो. समाजशास्त्राचा हवा, कारण बाळंतीण घराबाहेर का पडत नाही हे तो सांगू शकतो. तत्त्वज्ञानाचाही हवा, कारण कोणाचे वर्ष कोणाच्या वर्षाबरोबर तोलायचे हा अखेर नीतीचा प्रश्न आहे. कला शाखेत शिकून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना देण्याजोगे हे एक उत्तर आहे.

आणि ज्यांच्या घरी आजवर कोणी वही ठेवली नाही, त्या घरांतून आता आपण लिहा-वाचायला शिकून येथवर आलो आहोत. गावातल्या पाच-दहा घरांचा असा हिशेब, बुडालेल्या मजुरीसकट, एकदा मांडून पाहावा. ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राचा विषय निघेल तेव्हा तो कागद हातात असावा. ‘औषध मिळत नाही’ या तक्रारीला ‘पाहू’ असे उत्तर मिळते. ‘औषध न मिळाल्याने या गावाची वर्षाला इतक्या हजारांची मजुरी बुडते’ या वाक्याला तेच उत्तर देणे थोडे कठीण जाते.